बर्था बेंझ: जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास करणारी महिला

बर्था यांचा जन्म १८४९ मध्ये जर्मनीतील फोर्झहाइम इथं झाला. लग्नाआधीच त्यांनी हुंड्याची रक्कम कार्ल बेंझ यांच्या कारखान्यात गुंतवली होती. १८८६ मध्ये कार्ल यांना मोटारीचं पेटंट मिळालं, पण ग्राहक मिळेनात.

ऑगस्ट १८८८ मध्ये पतीला न सांगता, दोन मुलांना घेऊन बर्था मोटारीनं मॅनहाइमहून माहेरी निघाल्या. अंतर १०० किलोमीटरहून जास्त. वाटेत इंधन म्हणून औषधाच्या दुकानातून डाग काढायचं द्रव घेतलं. तुंबलेली नळी टोपीच्या पिनेनं साफ केली. झिजलेल्या ब्रेकवर चामडं ठोकून घेतलं. चढावर गाडी ढकलावी लागली, म्हणून कार्ल यांनी नंतर तिला आणखी एक गिअर बसवला.

१९४४ मध्ये, ९५ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. मोटार कार्ल यांनी बनवली. तिच्यावर विश्वास ठेवायला लोकांना बर्था यांनी शिकवलं.