कुष्ठरोग्यांचे सेवक संत दामियन

धर्मग्रामाच्या ज्युबिलीप्रसंगी आपण देवालयाच्या उभारणीचे कृतज्ञतेने स्मरण करतो. परंतु ज्यांच्या ठायी ख्रिस्ताची प्रीती जगास प्रत्यक्ष दिसली, अशा पुरुषांचे स्मरणही तितकेच हितकर होय, असे आम्हांस वाटते. म्हणून संत दामियन यांचे चरित्र येथे संक्षेपाने देत आहोत.

बेल्जियममधील ट्रेमेलो या गावी ३ जानेवारी १८४० रोजी एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. थोरल्या बंधूंच्या मागोमाग तेही येशू व मरिया यांच्या पवित्र हृदयांच्या संघात गेले. पुढे त्या बंधूंची हवाई बेटांवरील मिशनसाठी निवड झाली; पण ते आजारी पडले, तेव्हा दामियन यांनी त्यांच्या जागी जाण्याची परवानगी मागून घेतली. १८६४ साली होनोलुलू येथे त्यांस गुरुदीक्षा मिळाली.

त्या राज्यात १८६५ सालच्या कायद्याने कुष्ठरोग्यांस घरादारापासून तोडून मोलोकाई बेटावर ठेवीत असत. एका बाजूस उंच कडे व बाकी तिन्ही बाजूंस समुद्र, अशी ती जागा! १० मे १८७३ रोजी, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, दामियन तेथे स्वखुशीने गेले. त्यांनी रोग्यांचे व्रण धुतले, घरे बांधली, पाण्याचे नळ आणले, शवपेट्या केल्या व कबरीही खणल्या. प्रवचनात ते आरंभापासूनच स्वतःस रोग्यांतच गणीत. १८८४ साली कढत पाण्याने पाय पोळला असता त्यांस वेदना झाली नाही. तेव्हा रोगाने आपणांसही गाठले, हे ते उमगले. तरीही त्यांनी काम सोडले नाही. १५ एप्रिल १८८९ रोजी ते प्रभूच्या घरी गेले. ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांस संतपद दिले.

येथे एक योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. दामियन मोलोकाईस गेले त्याच वर्षी, म्हणजे १८७३ साली, नॉर्वेतील डॉक्टर हान्सेन यांस या रोगाचा जंतू सापडला. पण औषध मिळण्यास बराच काळ जावा लागला. १९४० नंतरच्या दशकात सल्फोन औषधे आली, आणि १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने एकाच वेळी अनेक औषधे देण्याची पद्धत सांगितली. हवाईतील सक्तीचा एकांतवास १९६९ साली संपला. आज सहा ते बारा महिन्यांच्या उपचाराने हा रोग बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यात औषध विनामूल्य मिळते.

तथापि जगातील नव्या रोग्यांपैकी निम्म्याहून अधिक आजही आपल्या भारतातच आढळतात. अंगावरचा बधिर चट्टा लाजेपोटी लपविला की औषध उशिरा मिळते, आणि मग हातापायांस कायमचे व्यंग येते. दामियन यांच्यापाशी औषध नव्हते, पण त्यांनी रोग्यांस दूर लोटले नाही. आपणांपाशी औषध असूनही शेजाऱ्यास चट्टा लपवावा लागत असेल, तर दोष कोणाचा? ज्युबिलीच्या या वर्षी प्रत्येक कुटुंबाने याचा विचार करावा, एवढीच आमची विनंती आहे.