आर्सचे धर्मगुरू : संत जॉन मेरी व्हियानी

परमेश्वर सर्वसाक्षी आहे. तर मग आपलें पाप एखाद्या माणसाच्या कानीं घालण्याची गरज ती काय, असा प्रश्न इतर पंथांचे ख्रिस्ती बंधु आपणांस विचारतात. खरें सांगावयाचें तर कुमसारासाठीं रांगेंत उभे असतां आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांतहि तो डोकावून जातो. पुनरुत्थानाच्या दिवशीं सायंकाळीं प्रभूनें प्रेषितांवर फुंकर घालून त्यांस पापांची क्षमा करण्याचा व ती राखून ठेवण्याचा अधिकार दिला, हें संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या २० व्या अध्यायांत वाचकांनीं वाचलेंच आहे. येथें वाद न करितां एका धर्मगुरूंचें चरित्र सांगावयाचें योजिलें आहे.

जॉन मेरी व्हियानी यांचा जन्म ८ मे १७८६ रोजीं फ्रान्स देशांत लिऑन शहराजवळील दार्दिली गांवीं एका शेतकरी कुटुंबांत झाला. ते तीन वर्षांचे असतां राज्यक्रांति झाली. सरकारी शपथ न घेणाऱ्या धर्मगुरूंपैकीं कित्येकांस देशत्याग करावा लागला, कित्येकांचा शिरच्छेद झाला. जे मागें राहिले ते वेष पालटून रात्रीं-अपरात्रीं घरोघर फिरत. अशाच एका धर्मगुरूंनीं १७९७ सालीं व्हियानींच्या घरीं येऊन, मोठ्या घड्याळापाशीं, या अकरा वर्षांच्या मुलाचें पहिलें पापनिवेदन ऐकलें. पुढें दोन वर्षांनीं त्याला प्रथम कम्युनियन मिळालें, तेंहि एक्युली येथील एका खासगी घरांत. आंतील मेणबत्त्यांचा उजेड बाहेर दिसूं नये म्हणून खिडक्यांपुढें गवताच्या गाड्या उभ्या केल्या होत्या. आतां पाहा, मनांतल्या मनांत देवाची क्षमा मागण्यास त्या काळींहि कोणी कोणास अडवूं शकत नव्हतें. तरीहि त्या साध्या शेतकऱ्यांनीं जीव धोक्यांत घालून धर्मगुरूंना घरांत घेतलें.

या मुलानें धर्मगुरु होण्याचें मनांत घेतलें. परंतु लॅटिन कांहीं केल्या त्याच्या डोक्यांत शिरेना. सेमिनरींतून त्यास परत पाठविण्यांत आलें. एक्युलीचे धर्मगुरु फादर बाले यांनीं मात्र हात सोडला नाहीं; त्यांनीं स्वतः शिकविलें, वरिष्ठांपाशीं रदबदली केली, आणि १३ ऑगस्ट १८१५ रोजीं ग्रनोब्ल येथें व्हियानींस गुरुदीक्षा मिळाली. तथापि पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार त्यांना लागलीच देण्यांत आला नाहीं. वरिष्ठांस त्यांच्या विद्येची शंका होती. कांहीं महिन्यांनीं तो मिळाला, तेव्हां त्यांच्यापुढें प्रथम गुडघे टेंकणारे गृहस्थ कोण? तर खुद्द फादर बाले! ज्यांनीं शिकविलें, तेच शिष्यापुढें पापी म्हणून आले. धर्मगुरु लोकांचीं पापें ऐकतात, मग त्यांचीं कोण ऐकतो, असें विचारणाऱ्यांनीं हा प्रसंग ध्यानांत ठेवावा.

फेब्रुवारी १८१८ मध्यें त्यांची नेमणूक आर्स येथें झाली. सुमारें २३० वस्तीचें तें खेडें. रविवारीं शेतांत काम, आणि सायंकाळीं नाच व दारू. आरंभीं व्हियानी फार कठोर होते. नाच सोडण्याचें वचन न देणाऱ्यांस ते दीर्घकाळ पापक्षमा देत नसत. आम्हांस हें जड वाटतें, आणि पुढें तेहि निवळले. संत आल्फोन्स लिगोरी यांचें नीतिशास्त्र वाचनांत आल्यावर त्यांचा हात पुष्कळच सैल झाला. मग ते पाप्यांस प्रायश्चित्त हलकें देत, आणि उरलेला भार उपवास व जागरण करून स्वतः उचलीत.

हळूहळू परगांवचे लोक येऊं लागले. पुढें तर लिऑनच्या रेल्वे स्टेशनावर आर्सच्या यात्रेकरूंसाठीं तिकिटांची निराळी खिडकी उघडावी लागली. मध्यरात्रीनंतर एक वाजतां ते देवळांत येत. स्त्रियांची पापनिवेदनें देवळांत, पुरुषांचीं साक्रिस्तींत. मिस्सा, धर्मोपदेश व थोडें अन्न यांचा वेळ सोडला तर दिवसाचे बारा, कधीं सोळा तास त्या लांकडी आसनांत जात. हिवाळ्यांत पाय बधिर होत, उन्हाळ्यांत गर्दीनें श्वास कोंडे. ते कंटाळले नाहींत असें मात्र नव्हे. एकांतांत आपल्या पापांबद्दल रडावें या इच्छेनें १८४३ आणि १८५३ सालीं ते गांव सोडून निघाले. दोन्ही वेळां त्यांना परत यावें लागलें.

एक गोष्ट पुष्कळ चरित्रांत आढळते. एका बाईच्या नवऱ्यानें पुलावरून नदींत उडी टाकून जीव दिला होता. तो नरकांत गेला या विचारानें ती वेडीपिशी होऊन आर्सला आली. गर्दींतून जात असतां व्हियानींनीं तिच्या कानाशीं वांकून सांगितलें कीं, तुझा नवरा तरला आहे. पुलाचा कठडा आणि पाणी यांमधल्या अवकाशांत त्याला पश्चात्ताप करण्यास वेळ मिळाला. तेथें कोण धर्मगुरु होता? कोणी नव्हता. ज्यानें उभा जन्म पापनिवेदन ऐकण्यांत घालविला, त्यालाच हें ठाऊक होतें कीं देवाची दया साक्रामेंताला बांधलेली नाहीं; पूर्ण पश्चात्तापाला ती एका क्षणांत भेटते, हीच पवित्र सभेची शिकवण आहे. परंतु त्या बाईकडे पाहा. देव दयाळू आहे हें ती लहानपणापासून जाणत होती; तरी तिच्या जिवाला शांति मिळाली ती एका माणसाच्या तोंडचे शब्द कानीं पडले तेव्हांच. आपण देहधारी आहों, म्हणूनच देवपुत्रानें देह धारण केला.

जुलै १८५९ च्या कडक उन्हाळ्यांत त्यांची शक्ति संपली. २९ तारखेपर्यंत ते पापनिवेदनाच्या आसनावर होते. ३० तारखेस अंथरूण धरलें. तेथेंहि कांहीं लोक खाटेपाशीं गुडघे टेंकून पापें सांगून गेले. पोप अकरावे पायस यांनीं १९२५ सालीं त्यांस संतपद दिलें व १९२९ सालीं धर्मग्रामांच्या सर्व धर्मगुरूंचे आश्रयदाते म्हणून जाहीर केलें. पण त्या खोलींत तेव्हां ते केवळ एक मरणोन्मुख पापी होते. शेजारच्या जासाँ गांवचे धर्मगुरु वर्षानुवर्षें त्यांचें पापनिवेदन ऐकत आले होते. त्यांनाच बोलावणें गेलें. त्यांच्यापाशीं व्हियानींनीं अखेरचें पापनिवेदन केलें, त्यांच्या हातून शेवटचे साक्रामेंत घेतले, आणि ४ ऑगस्टच्या पहांटे दोन वाजतां प्राण सोडला.