नाना शंकरशेट आणि अग्निरथ

ठाण्याच्या टेंभी नाक्यावरून पायी निघाले, की थोड्याच वेळात रेल्वेचे स्थानक लागते. तेथे गाड्या सारख्या येतात नि जातात. त्यांच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. पण १६ एप्रिल १८५३ या दिवशी सारे ठाणे एका गाडीची वाट पाहत होते. मुंबईच्या बोरीबंदराहून ३ एंजिने १४ डबे ओढीत निघाली होती. डब्यांत सुमारे ४०० पाहुणे बसले होते. सुमारे ३४ किलोमीटरांची वाट त्या गाडीने तास-सव्वा तासात तोडली. हिंदुस्थानात प्रवाशांना घेऊन धावलेली ही पहिली आगगाडी होय.

ज्यांच्या खटपटीमुळे हा दिवस उगवला, त्यांत जगन्नाथ शंकरशेट हे एक प्रमुख होते. लोक त्यांना आदराने नाना म्हणत.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरकुटे घराण्यात झाला. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड या गावाशी या घराण्याचा जुना संबंध होता. वडील मुंबईतील मोठे व्यापारी. त्यांनी मुलाला घरीच उत्तम शिक्षण दिले. विशी ओलांडण्यापूर्वीच नानांचे पितृछत्र हरपले आणि अफाट संपत्तीचा भार त्यांच्यावर आला. मनात आणते, तर ते सुखात लोळत राहिले असते. पण त्यांनी आपला पैसा आणि आपली प्रतिष्ठा लोकांच्या कामी लावली.

त्या काळी मुंबईहून ठाण्याला जावयाचे म्हणजे बैलगाडी, घोडा किंवा खाडीतील होडी, हीच साधने. विलायतेत वाफेच्या गाड्या धावू लागल्याचे नानांना ठाऊक होते. १८४५ साली सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या गृहस्थांबरोबर त्यांनी येथेही रेल्वे आणण्याचा उद्योग आरंभला. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे ही कंपनी निघाली. तिच्या संचालकांत नानांचा समावेश झाला.

बैलांवाचून धावणाऱ्या, आग ओकणाऱ्या या गाडीला लोकांनी अग्निरथ असे नाव दिले. काहींना तिचे कौतुक वाटले, तर काहींना भय. त्या भयात तथ्य मुळीच नव्हते, असे नाही. जो गाडीवान बैलांच्या जोडीवर पोट भरत होता, त्याचे पुढे काय होणार? शिवाय रेल्वेचे सारे लाभ येथील रयतेच्या पदरात पडले नाहीत. कंपनीच्या भागीदारांना ५ टक्के व्याजाची हमी सरकारी तिजोरीतून दिली होती. गाड्यांनी येथील कापूस बंदरावर नेला आणि तो विलायतेतील गिरण्यांना मिळाला. बोरघाटात लोहमार्ग बांधताना हजारो मजूर मृत्युमुखी पडले. आणि तरीही याच गाडीने दूरची गावे जवळ आणली, पुस्तके व पत्रे खेड्यांपर्यंत पोहोचवली, आणि नाना जातींच्या माणसांना एका बाकावर बसवले.

यंत्र आपले कामच करते. ते कोणाच्या हिताचे ठरेल, हे माणसांच्या तयारीवर अवलंबून असते. ही तयारी करणे हे नानांचे खरे जीवनकार्य होते. रेल्वेचा विचारही मुंबईत नव्हता, तेव्हापासून ते शिक्षणाच्या कामात गुंतले होते. पुढे शिक्षणमंडळाचे ते सभासद झाले. सारे शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे, असा आग्रह मंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी यांनी धरला, तेव्हा नानांनी त्यांना विरोध केला. नानांना इंग्रजी उत्तम येत होते. पण नवे ज्ञान सामान्य लोकांपर्यंत पोहोचावयाचे तर ते त्यांच्याच भाषेतून पोहोचले पाहिजे, असे त्यांचे मत होते. मुलींना शिकविणे हे पाप समजले जाई, त्या दिवसांत, १८४९ च्या सुमारास, त्यांनी गिरगावात मुलींच्या शाळेला जागा व पैसा दिला. लोकनिंदेची त्यांनी पर्वा केली नाही. ३१ जुलै १८६५ रोजी त्यांचे निधन झाले.

आज आपल्या दारी दुसरा एक अग्निरथ येऊन उभा आहे. त्याला कोळसा लागत नाही आणि रूळही लागत नाहीत. माणसांनी लिहिलेले लेख, काढलेली चित्रे, गायिलेली गाणी यांचा प्रचंड साठा संगणकाला पुरवून, त्यातील रचना ओळखण्यास त्याला शिकविले आहे. म्हणून तो प्रश्नांची उत्तरे देतो, निबंध लिहितो, चित्रे काढतो, एका भाषेतील मजकूर दुसरीत आणतो. यालाच कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. चुकीचे उत्तरही हे यंत्र तितक्याच ठामपणे देते. इंग्रजीच्या मानाने मराठीतील मजकूर त्याला फार थोडा मिळतो. ज्या लेखकांच्या व चित्रकारांच्या श्रमांवर ते शिकले, त्यांना त्याचा मोबदला कसा मिळावा, हा प्रश्नही सुटलेला नाही.

आगगाडीने माणसाच्या पायांचे काम उचलले. हे यंत्र बुद्धीच्या कामाला हात घालते. गाडीत बसणाऱ्यानेही रोज चालले नाही, तर त्याचे पाय दुबळे होतात. बुद्धीचेही तसेच आहे. नव्या यंत्राला पाहून पळू नये आणि त्याच्यापुढे हातही जोडू नयेत. त्याचे काम समजून घ्यावे, त्याचे उत्तर पारखून घ्यावे, आणि ज्यांचा रोजगार त्यामुळे जाईल त्यांना नवी विद्या द्यावी.

मुलांनो, ठाण्याच्या स्थानकात गाडी शिरताना पाहाल, तेव्हा नानांची आठवण करा. त्यांनी गाडीही आणली आणि शाळाही काढल्या. या दोहोंपैकी एकच गोष्ट केली असती, तर त्यांचे काम अर्धेच राहिले असते.

अभ्यास
१. लोकांना अग्निरथाचे भय का वाटले? त्यातील कोणते भय खरे ठरले?
२. मातृभाषेतून शिक्षण द्यावे, असे नानांना का वाटत होते?
३. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारा: त्यांच्या लहानपणी माणसे करीत असलेली कोणती कामे आज यंत्रे करतात? ती माणसे पुढे काय करू लागली?