तीन कुलपांची पेटी

स्कॉटलंड देशाच्या दक्षिण भागात रुथवेल नावाचे एक लहानसे खेडे आहे. दोनशे वर्षांपूर्वी तेथील पुष्कळ कुटुंबे मोलमजुरीवर पोट भरीत. हाताला काम असे तोवर चूल पेटे; आजारपण किंवा दुष्काळ आला, की घर उघडे पडे. अशा या गावी १७९९ साली हेन्री डंकन नावाचे तरुण धर्मोपदेशक आले.

डंकन यांचा जन्म १७७४ साली झाला. तारुण्याच्या आरंभी त्यांनी लिव्हरपूल शहरातील एका पेढीत तीन वर्षे नोकरी केली. त्या व्यवसायात त्यांचे मन रमले नाही. परंतु तेथे मिळालेले हिशेबाचे ज्ञान पुढे फार उपयोगी पडले.

गावात धान्याची टंचाई झाली, तेव्हा त्यांनी लिव्हरपूलहून धान्य आणवून नफा न घेता लोकांना दिले. परंतु अशा मदतीने आजची भूक भागते, उद्याची चिंता मिटत नाही, हे त्यांनी जाणले. गरीब माणूसही चार नाणी मागे टाकू शकतो. पण ती ठेवावी कोठे? घरातील पैसा चोरीस जाई, नाहीतर किरकोळ कारणी खर्च होई. मोठ्या पेढीत खाते उघडण्यास तर दहा पौंड लागत. एवढी रक्कम मजुराने कोठून आणावी?

१८१० साली डंकन यांनी रुथवेल येथे बचतपेढी सुरू केली. तेथे केवळ सहा पेन्स भरून खाते उघडता येई. एका पौंडाचे त्या काळी २४० पेन्स होत. म्हणजे मोठ्या पेढीत सहा पेन्सांची चारशे नाणी लागत, तेथे डंकन यांना एकच पुरे होई! सर्वांच्या लहान ठेवी एकत्र करून ते डम्फ्रीज शहरातील मोठ्या पेढीत ठेवीत. त्यावर मिळणाऱ्या व्याजाचा लाभ गरिबांना होई.

गरिबांचा पैसा सांभाळण्यास नुसता चांगुलपणा पुरत नाही, व्यवहारही चोख असावा लागतो. म्हणून पेढीच्या पेटीला तीन कुलपे होती आणि तीन किल्ल्या तीन निरनिराळ्या व्यक्तींकडे असत. तिघे एकत्र आल्यावाचून पेटी उघडत नसे.

पहिल्या वर्षी १५१ पौंड जमले. डंकन यांनी ही पद्धत पुस्तकाद्वारे सर्वत्र कळविली. अशा पेढ्यांना कायद्याचे संरक्षण मिळावे म्हणून ते लंडनला गेले आणि १८१९ साली स्कॉटलंडसाठी तसा कायदा झाला. १८४६ साली त्यांचे निधन झाले.

पुढे १८८२ साली भारतातही टपाल कचेऱ्यांत बचत खाती सुरू झाली. आजही जगातील कित्येक गरीब घरांना पेढीचे दार दूरच आहे. बचतीची इच्छा त्यांच्याजवळ असते. उणीव असते ती त्यांचे एक नाणेही मानाने स्वीकारणाऱ्या पेढीची. रुथवेलच्या त्या पेटीने हेच जगाला दाखविले.