जोसेफ बँक्स आणि स्टॅफा बेट

जोसेफ बँक्स यांचा जन्म इ. स. १७४३ मध्ये लंडन येथे एका धनाढ्य कुटुंबात झाला. लहानपणापासून त्यांना वनस्पतींचा विलक्षण नाद होता. १७६८ ते १७७१ या काळात कॅप्टन कुक यांच्यासमवेत त्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली. कुक यांच्या दुसऱ्या सफरीसाठी बँक्स यांनी जहाजावर ऐसपैस खोल्या चढविल्या. परंतु त्या भाराने जहाज धोक्यात आले व आरमाराने ते बांधकाम उतरविले. रागाच्या भरात बँक्स यांनी सफरच सोडली. हा हट्ट त्यांना शोभला नाही खरा. पण ते हातावर हात ठेवून बसलेही नाहीत.

१७७२ मध्ये स्वखर्चाने जहाज घेऊन ते आइसलंडकडे निघाले. वाटेत स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याशी स्टॅफा बेटाची वार्ता त्यांच्या कानी आली. लगोलग ते होडीने तिकडे गेले. पाहतात तो काय! काळ्या पाषाणाचे, बहुतेक षट्कोनी असे स्तंभ दाटीने उभे. जणू गवंड्यानेच घडविलेले! त्यांमध्ये सागराने कोरलेली प्रचंड गुहा, आणि तीत घुमणारा लाटांचा नाद! ज्वालामुखीचा तप्त रस निवताना आकसतो, तडकतो, आणि असे स्तंभ बनतात. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळही याच जातीचा.

बँक्स यांनी मापे घेतली, सोबतच्या चित्रकारांकडून चित्रे काढविली. आसपासच्या बेटकऱ्यांना ही गुहा ठाऊक होतीच; विद्वानांना मात्र नव्हती. १७७४ मध्ये बँक्स यांचे वर्णन छापले गेले आणि दूरदूरचे प्रवासी स्टॅफाकडे येऊ लागले.

१७७८ मध्ये बँक्स रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. १८२० मध्ये मृत्यू येईपर्यंत ते पद त्यांच्याकडेच होते.