डिझेल नावाचा माणूस

मित्रांनो, पंपावर उभं राहून डिझेल मागताना आपण एका माणसाचं नाव घेत असतो, हे किती जणांच्या लक्षात येतं? वॅट आणि ज्यूल ही शास्त्रज्ञांची नावं आहेत हे शाळेतच पाठ होतं, कारण त्यावर एका मार्काचा प्रश्न असतो. डिझेल मात्र आपल्याला फक्त वासावरून माहीत! आमच्या रेवसच्या धक्क्यावर तर हा वास सकाळपासून असतो. भाऊच्या धक्क्याहून येणारी लाँच, करंजाला जाणारी तर, बोडणीच्या मच्छीमार बोटी, अलिबागची एसटी, बाहेर उभ्या असलेल्या सहा आसनी रिक्षा... या सगळ्यांच्या पोटात एकाच माणसाची कल्पना धडधडत असते. त्याचं नाव रुडॉल्फ डिझेल.

त्याचं चरित्र मी वाचायला घेतलं ते थर्मोच्या सेमिनारसाठी. वाचता वाचता एक गोष्ट जाणवली. हा माणूस आयुष्यभर एकाच हिशोबाच्या मागे होता. जाळलेल्या इंधनातलं किती कामी आलं आणि किती वाया गेलं? त्या हिशोबाचा अर्धा भाग त्याने सोडवला. उरलेला अर्धा इंजिन बनवणाऱ्याकडे नाहीच, तो गाडी चालवणाऱ्याकडे, म्हणजे तुमच्या-माझ्याकडे आहे. म्हणून हा लेख.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसचा. आईवडील मूळचे जर्मन, वडील चामड्याच्या वस्तू बनवायचे. १८७० साली फ्रान्स आणि जर्मनीचं युद्ध पेटलं आणि पॅरिसमधल्या जर्मन लोकांना चंबूगबाळं आवरावं लागलं. कुटुंब लंडनला गेलं. तिथेही पैशांची चणचण, म्हणून १२ वर्षांच्या रुडॉल्फला एकट्यालाच जर्मनीत ऑग्सबुर्गला नातेवाइकांकडे शिकायला पाठवलं. घरापासून लांब राहणं काय असतं हे होस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको. पोराने मात्र तिथेच ठरवून टाकलं की आपण इंजिनिअर व्हायचं. पुढे स्कॉलरशिप मिळवून तो म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला.

तिथे त्याला थर्मोडायनॅमिक्स शिकवायला होते कार्ल फॉन लिंडे, रेफ्रिजरेशनमधलं मोठं नाव. १८७८ च्या सुमारास लिंडेंच्या एका लेक्चरमध्ये कळलं की त्या काळचं उत्तम स्टीम इंजिनसुद्धा कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम ६ ते १० टक्के कामात बदलतं. म्हणजे १० पोती कोळसा जाळायचा आणि त्यातली ९ पोती धुरांड्यातून आकाशाला अर्पण! वर्गातल्या बाकीच्यांनी हा आकडा लिहून घेतला असेल आणि परीक्षेनंतर विसरले असतील. रुडॉल्फच्या डोक्यातून तो गेला नाही. कार्नो सायकल आपण सहा मार्कांसाठी डिराइव्ह करतो. त्याच्या जवळपास जाणारं खरंखुरं इंजिन बनवायचं, असं या विशीतल्या मुलाने मनावर घेतलं.

ऐन परीक्षेच्या वेळी त्याला टायफॉइड झाला आणि १८७९ ची परीक्षा हुकली. पुढची संधी येईपर्यंत तो स्वित्झर्लंडमध्ये सुल्झरच्या कारखान्यात हाताने काम करत राहिला आणि जानेवारी १८८० मध्ये अत्यंत उत्तम मार्कांनी पास झाला. ड्रॉप लागला म्हणून गळाठून बसलेल्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

पहिली नोकरी लिंडेंच्याच धंद्यात, पॅरिसमध्ये, बर्फ बनवण्याच्या मशीनवर. हे वाचताना मला आमच्या बोडणीच्या बोटी आठवल्या. बोट समुद्रात निघण्याआधी दोन गोष्टी भरून घ्याव्याच लागतात, बर्फ आणि डिझेल. त्याच दोन गोष्टींत या माणसाचं सगळं आयुष्य गेलं. आधी दहा-बारा वर्षं बर्फ, नंतर डिझेल!

त्याची मूळ कल्पना सोपी होती. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंप गरम होतो ना? हवा दाबली की तापते. मग सिलिंडरमध्ये नुसती हवा इतकी दाबायची, इतकी तापवायची, की आत सोडलेलं इंधन आपोआप पेटेल. स्पार्क प्लगची गरजच नाही. आणि दाब जितका जास्त, तितकं त्याच इंधनातून काम जास्त. १८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, पुढच्या वर्षी पेटंट मिळालं, आणि ऑग्सबुर्गच्या मशीन फॅक्टरीने प्रयोगांसाठी जागा दिली. क्रुप कंपनीनेही पैसा लावला.

कागदावर सोपं होतं, पण १८९३ च्या पहिल्याच प्रयोगात दाब मोजायचं उपकरण फुटून उडालं. माणसं थोडक्यात वाचली. १७ फेब्रुवारी १८९४ ला दुसरं इंजिन स्वतःच्या ताकदीवर चाललं, किती वेळ? साधारण एक मिनिट. त्यानंतर बरोबर तीन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८९७ ला, प्राध्यापक श्रोटर यांनी सुधारलेल्या इंजिनाची रीतसर टेस्ट घेतली. एफिशियन्सी भरली २६.२ टक्के. लेक्चरमध्ये ऐकलेल्या १० टक्क्यांपासून इथपर्यंत यायला एकोणीस वर्षं लागली.

या एकोणीस वर्षांत त्याच्या कामाची पद्धत एकच होती. एक गोष्ट बदलायची, मोजायचं, लिहायचं, मग पुढची बदलायची. आपल्या एसटीतही हेच चालतं. डेपोत केपीटीएल नावाचा आकडा काढतात, म्हणजे १० लिटर डिझेलमध्ये बस किती किलोमीटर गेली. आपणही आपल्या बाइकचा आकडा काढू शकतो. टाकी फुल करायची, किलोमीटर लिहायचे, पुढच्या वेळी पुन्हा फुल करायची आणि भागाकार करायचा. ५० देणारी बाइक ४५ वर आली आणि महिन्याला १००० किलोमीटर फिरणं असेल, तर सव्वादोन लिटर पेट्रोल जास्त लागतं. लिटरला शंभर रुपये धरा, सव्वादोनशे गेले. महिनाअखेरीला होस्टेलवर एवढ्या पैशांची किंमत काय असते, ते मेसचं बिल भरणाऱ्याला विचारा!

पुन्हा रुडॉल्फकडे येते. १८९७ नंतर पैसा आला, अमेरिकेचे हक्क अडॉल्फस बुश या बिअरच्या कारखानदाराने विकत घेतले. पण सुरुवातीच्या इंजिनांनी गिऱ्हाइकांकडे गेल्यावर खूप त्रास दिला. लॅबमध्ये तज्ज्ञांच्या हाताखाली नीट चालणारं मशीन साध्या ऑपरेटरच्या हातात रुसायचं. तक्रारी, कोर्टकचेऱ्या आणि दगदगीने १८९८ मध्ये त्याची तब्येत ढासळली. त्याचं इंजिन गुणी, पण त्याला स्वच्छ हवा आणि स्वच्छ इंधन लागतं. आजही तसंच आहे. एअर फिल्टर चोंदला किंवा इंजेक्टर खराब झाला की डिझेल गाडी काळा धूर ओकते. तो धूर म्हणजे न जळलेलं इंधन, म्हणजेच आपले पैसे. आमच्याकडे मातीची धूळ आणि खारा वारा दोन्ही, त्यामुळे सर्व्हिसिंग टाळून वाचवलेले पैसे पंपावर जातात.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तर त्याचं इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं गेलं. मग ते पाण्यात उतरलं. १९१२ मध्ये डेन्मार्कची सेलँडिया ही मोठी मोटरशिप समुद्र ओलांडून बँकॉकला गेली आणि वाफेचे दिवस भरले. आमच्या किनाऱ्यावर वाफ बराच काळ टिकली. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला येताना बुडालेली आणि सहाशेच्या वर माणसं घेऊन गेलेली रामदास ही वाफेचीच बोट होती. जुनी माणसं अजून बोटीला आगबोट म्हणतात ते त्यामुळेच. आता सगळीकडे डिझेल. मासेमारी बंद असते त्या जून-जुलैत बोटी वर ओढून त्यांच्या तळाचं शेवाळ आणि चिकटलेले शिंपले खरवडतात, रंग देतात. खरबरीत तळाची बोट पाण्यात अडते आणि जास्त डिझेल पिते, हे कोळी बांधवांना फ्लुइड मेकॅनिक्स न शिकता माहीत आहे.

रस्त्यावर तळाच्या जागी टायर असतो. हवा कमी असेल तर टायर चपटा होऊन लोळतो. सगळ्या टायरांतला दाब सरासरी १ पीएसआय कमी झाला तर सुमारे ०.२ टक्के इंधन जास्त जातं. ५ पीएसआयला एक टक्का झाला. पंधरा दिवसांनी एकदा, टायर थंड असताना हवा बघायला पाच मिनिटं लागतात. दुसरा शत्रू वेग. ६० च्या जागी ८० ने गेलात तर हवेचा विरोध जवळजवळ पावणेदोन पट होतो. म्हणून पीसीआरए ही सरकारी संस्था वर्षानुवर्षं ताशी ४५ ते ५५ चा वेग सांगत आली आहे. तिसरी सवय, लाँचची वाट बघत इंजिन चालू ठेवून गप्पा मारण्याची. त्या वेळात गाडीचं मायलेज शून्य असतं! अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचं असेल तर बंद करा. हाफ क्लचवर गाडी धरून ठेवू नका, समोर ब्रेक लागणार हे दिसत असताना अॅक्सिलरेटर पिळू नका. आणि कार्ले खिंडीच्या उतारावर न्यूट्रल अजिबात नको. आजच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना इंधन आपोआप बंद करतात, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. शिवाय इंजिनाचा ब्रेक जातो तो वेगळाच.

आजचं कारचं चांगलं डिझेल इंजिन ४० टक्क्यांच्या आसपास पोचलंय, मोठ्या जहाजांचं ५० टक्क्यांपर्यंत. एकेका टक्क्यासाठी जगभरचे इंजिनिअर वर्षानुवर्षं झटतात. आणि आपण तो एक टक्का टायरमधल्या हवेत घालवतो.

रुडॉल्फचा शेवट वाचून मी बराच वेळ गप्प होते. इंधनाचा थेंबन् थेंब मोजणाऱ्या या माणसाला स्वतःच्या पैशांचा हिशोब कधी जमला नाही. म्युनिकमध्ये आलिशान घर, चुकीच्या गुंतवणुकी, त्यात आजारपण. १९१३ पर्यंत तो कर्जात बुडाला होता आणि हे त्याने घरच्यांनाही कळू दिलं नाही. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री तो अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या ड्रेसडेन बोटीवर जेवला, केबिनकडे गेला आणि सकाळी नव्हता. बिछाना तसाच होता. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह सापडला. खिशातल्या वस्तू मुलाने ओळखल्या. अपघात, आत्महत्या की घातपात, याचं उत्तर आजवर मिळालेलं नाही. ज्या बोटीवरून तो नाहीसा झाला ती वाफेवर चालणारी होती. वय फक्त ५५.

मला वाटतं, हिशोब मांडायला धैर्य लागतं. इंजिनाच्या बाबतीत ते त्याच्याकडे भरपूर होतं. आकडा वाईट आला तरी तो लिहून ठेवायचा, लपवायचा नाही, म्हणून तर इंजिन सुधारलं. खाजगी आयुष्यात त्याने आकडा झाकून ठेवला आणि मदतीचा हात पुढे करायची संधी कोणालाच मिळाली नाही. मेसची उधारी असो, बॅकलॉग असो की बाइकचं घटलेलं मायलेज, आकडा वहीत लिहिला आणि कोणालातरी दाखवला की त्यावर इलाज निघतो.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी टाकी फुल कराल तेव्हा एका छोट्या वहीत तारीख, लिटर आणि किलोमीटर लिहा. वही दहा रुपयांची मिळते. पहिल्या पानावर २६.२ हा आकडा लिहायला माझी हरकत नाही.