विश्लेषण : फासे नाहीत, पंचही नाही... एच. जी. वेल्स यांनी खेळाडूच्या हाती निर्णय कसा दिला?

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या गाजलेल्या मालिकेच्या पहिल्याच भागात चार मुले तळघरात टेबलाभोवती बसून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळत असतात. समोर राक्षस उभा ठाकला आहे. एक जण म्हणतो बचाव कर, दुसरा ओरडतो आगीचा गोळा फेक. काय करायचे, ते मुलांनीच ठरवायचे असते. या मोकळिकीला गेमिंगच्या भाषेत ‘प्लेअर एजन्सी’ म्हणतात. खेळाडूच्या निर्णयाने खेळात खरोखर काही बदलले, तरच तो खेळाडू. सापशिडीत आपण फासा टाकतो, पण निर्णय एकही घेत नाही.

हा प्रश्न एका माणसाने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी घराच्या फरशीवर बसून सोडवायला घेतला होता. तो म्हणजे ‘द टाइम मशीन’ आणि ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’चा लेखक, हर्बर्ट जॉर्ज वेल्स.

निर्णय इतरांचे, आयुष्य हर्बर्टचे

वेल्स यांचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ चा, इंग्लंडमधील केंट परगण्यातल्या ब्रॉम्लीचा. वडील जोसेफ व्यावसायिक क्रिकेटपटू. १८६२ मध्ये केंटकडून ससेक्सविरुद्ध त्यांनी लागोपाठ चार चेंडूंवर चार बळी घेतले होते. घरात चिनी मातीच्या भांड्यांचे आणि क्रिकेटच्या सामानाचे दुकान होते, पण ते बेताचेच चाले. १८७७ मध्ये वडिलांच्या मांडीचे हाड मोडले, क्रिकेट संपले आणि घराची घडी विस्कटली. आई एका जमीनदाराच्या वाड्यावर घरकामाची व्यवस्था पाहायला गेली. मुलांनी कापडाच्या दुकानात उमेदवारी करायची, हे तिने ठरवून टाकले होते.

हर्बर्टला साउथसीच्या दुकानात ठेवण्यात आले. दिवसाला तेरा तास काम आणि झोपायला इतर पोरांसोबत सामाईक खोली. दोन वर्षे त्याने कशीबशी काढली. मग एका रविवारी तो पहाटेच उठला, सुमारे १७ मैल चालत आईकडे गेला आणि परत जाणार नाही म्हणून सांगितले. आईने त्याच्या करारापोटी पैसे भरलेले होते, त्यामुळे हा हट्ट घराला परवडणारा नव्हता. तरीही तो अडून बसला. पुढे शाळेत शिकवता शिकवता शिकणे, शिष्यवृत्ती आणि १८८४ मध्ये लंडनला टी. एच. हक्सली यांच्या वर्गात जीवशास्त्र, असा मार्ग खुला झाला. वेल्स यांच्या आयुष्यातली ही पहिली खरी चाल.

नंतरचे यश सर्वांना ठाऊक आहे. १८९५ ते १८९८ या काळात आलेल्या कादंबऱ्यांनी त्यांना जगप्रसिद्ध केले. समुद्रकाठी सँडगेट येथे घर झाले आणि १९०१ व १९०३ मध्ये जॉर्ज आणि फ्रँक ही मुले झाली.

फरशीवरची दोन महापौरांची शहरे

मुलांबरोबर वेल्स जमिनीवर बसून खेळत. लाकडी ठोकळे, फळ्या, शिशाची माणसे आणि खेळण्यातली आगगाडी एवढ्या सामानातून बेटे आणि शहरे उभी राहात. शहर नेहमी जोडशहर असे, कारण मुले दोन आणि दोघांनाही महापौर व्हायचे असे. १९११ मध्ये याच खेळांवर त्यांनी ‘फ्लोअर गेम्स’ हे छोटे पुस्तक लिहिले. यात जिंकणे-हरणे जवळपास नाहीच. मुलांनी भूमिका घ्यायची, जग उभारायचे आणि त्याचे काय करायचे तेही ठरवायचे.

तोफ पाहुण्याच्या हाती लागली

‘लिटल वॉर्स’ (१९१३) चा जन्म गमतीशीर आहे. जेवायला आलेल्या एका मित्राने कॉफी येईपर्यंत मुलांची खेळण्यातली तोफ उचलली, नेम धरला आणि शिशाचा सैनिक पाडला. वेल्स यांनी त्याची फक्त आद्याक्षरे दिली असली, तरी तो विनोदी लेखक जेरोम के. जेरोम असल्याचे मानले जाते. तोफ इंचभर लांबीचा लाकडी तुकडा उडवत असे. त्यानंतर प्रौढ माणसे गुडघे टेकून लढाया खेळू लागली.

खरी गंमत नियमांत आहे. सुरुवातीला हातघाईचा निकाल नाणे उडवून लागत असे. वेल्स यांना ते पटेना. उत्तम डावपेच रचायचे आणि नाण्याने ते उधळायचे, याला काय अर्थ? त्यांनी नशीब जवळजवळ हद्दपार केले. सुरुवातीची नाणेफेक सोडली, तर काहीही दैवावर नाही. तोफेचा गोळा लागला की नाही, हे फासा सांगत नाही. तुमचा नेम सांगतो. हातघाईत माणसास माणूस, आणि कुमक किती जवळ आहे यावर कैदी कोण होणार ते ठरते. प्रत्येक चालीला घड्याळ लावलेले, म्हणजे विचार करत बसण्याचीही सोय नाही.

त्या काळी प्रशियापासून ब्रिटनपर्यंतची लष्करे अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी ‘क्रीगस्पील’ हा युद्धखेळ वापरत. तो वेल्स यांना कंटाळवाणा वाटे. कारण तिथे पावलोपावली पंच मध्ये येतो आणि अनपेक्षित काही घडतच नाही, असा त्यांचा आक्षेप होता. पुस्तकातली नमुना लढाई मात्र त्यांनी स्वतः जनरल असल्याच्या थाटात, फुशारक्या मारत सांगितली आहे. पात्राच्या अंगात शिरून बोलणे यालाच आज रोलप्ले म्हणतात.

पुस्तकाला डागही आहे. लांबलचक उपशीर्षकात मुलींना प्रवेश आहे, पण फक्त मुलांचे खेळ आवडणाऱ्या ‘हुशार’ मुलींना! निर्णयाचे स्वातंत्र्य वेल्स यांनी आयुष्यातही भरपूर घेतले. त्यांच्या विवाहबाह्य संबंधांची किंमत बहुतेक वेळा बायकांनीच मोजली.

मग खरे युद्ध आले

खेळण्यातल्या लढाया ज्याने खेळल्या, त्याला खरे युद्ध किती ढिसाळ आणि मूर्ख असते ते कळेल, असा ‘लिटल वॉर्स’चा शेवटचा सूर आहे. टेबलावरच्या सैनिकांना रक्त नसते आणि प्रत्येक चाल कुणीतरी विचार करून केलेली असते. खऱ्या सैनिकाला चाल विचारतो कोण?

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटन युद्धात उतरला. वेल्स यांनी विरोध केला नाही. उलट, हे युद्ध सर्व युद्धे संपवील, असे मांडणारे लेख लिहिले. १९१८ मध्ये काही काळ त्यांनी शत्रूविरोधी प्रचाराच्या सरकारी विभागातही काम केले. खेळात पंच नको म्हणणाऱ्या माणसाने नंतर आयुष्यभर राष्ट्रांच्या डोक्यावर जागतिक सरकार हवे, असा आग्रह धरला. ही विसंगती त्यांच्या टीकाकारांच्या तावडीतून सुटली नाही. १९१४ च्याच कादंबरीत त्यांनी अणुबॉम्बची कल्पना केली होती. हिरोशिमा त्यांनी जिवंतपणी पाहिले. १३ ऑगस्ट १९४६ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

आजच्या खेळांशी नाते काय?

‘फ्लोअर गेम्स’ने आधी मानसोपचारात जागा मिळवली. लंडनमधील बालमानसतज्ज्ञ मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी त्यातून प्रेरणा घेऊन १९२० च्या दशकाच्या अखेरीस मुलांना वाळूचा ट्रे आणि छोटी खेळणी द्यायला सुरुवात केली. मुलाने स्वतःचे जग मांडायचे, मोठ्यांनी ढवळाढवळ करायची नाही. आजच्या सँडप्ले थेरपीचे मूळ इथे आहे.

दुसरी वाट टेबलावरच्या युद्धखेळांतून गेली. गॅरी गायगॅक्स यांनी १९७१ मध्ये जेफ पेरेन यांच्यासह ‘चेनमेल’ हा मध्ययुगीन लढायांचा खेळ आणला, तर १९७४ मध्ये डेव्ह अर्नेसन यांच्यासह ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. वेल्स यांनी घालवलेले फासे आणि पंच हे दोघेही त्यात परत आले. पंचाला आता डंजन मास्टर म्हणतात. मात्र तो जे जग उभे करतो, त्यात कुठे जायचे आणि कुणाशी लढायचे की बोलणी करायची, हे खेळाडू ठरवतो. ‘लिटल वॉर्स’च्या २००४ च्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली ती गायगॅक्स यांनीच.

‘फ्लोअर गेम्स’ आणि ‘लिटल वॉर्स’ ही दोन्ही इंग्रजी पुस्तके प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मोफत असून मोबाइलवर वाचता येतात.